सोनतुरा हजेरीत नाही

वेन्बरी, सफोक
१८ नोव्हेंबर २०१८

प्रिय क्लेम,

आता फोन पुरे. परवा तू अर्धा वेळ पुटपुटत होतास आणि उरलेला अर्धा "काय? काय?" करत होतास. तुझ्या ऑर्क्नी बेटापर्यंत लाइन टाकताना त्या लोकांनी मधे सुतळी जोडलेली दिसते. यापुढे पत्रं. थोरल्या बहिणीचं अक्षर तरी लागतं ना तुला?

तर हिवाळ्यातली पहिली सहल काल झाली आणि झकास झाली. भरती चढत होती, खाजणातला चिखल हळूहळू बुडत होता, आणि सायबेरियाहून आलेले काळे कलहंस एकदम उठले. आभाळ काळं झालं रे! थेल्मा नेहमीसारखी रडली. इतकी वर्षं आपल्या पक्षीमंडळाची चिटणीस आहे, पण हंस उठले की हिच्या डोळ्यांना धार. मी रडले नाही. पुढाऱ्याने रडून कसं चालेल?

सत्तरीनिमित्त मी स्वतःला नवा कोट घेतलाय, तो घातला होता. हिरवागार, पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. आणि क्लेम, कोटाने माणसाचं वजन वाढतं हे खरं बरं का. पूर्वी ही मंडळी माझ्या पाठीला चिकटून चालायची, टाचांवर पाय द्यायची. आता सगळे कसे चांगलं अंतर राखून मागे. सव्वीस वर्षं यांना चिखलातून फिरवल्यावर एवढा आदर मला मिळायलाच हवा होता.

एक नवा प्राणी आलाय. लेनर्ड क्विल्टर. निवृत्त दंतवैद्य. दुर्बीण अशी रोखतो की पक्ष्याने आ करावा. त्याला आपली हजेरी समजावून सांगावी लागली. सहल संपली की मोटारींपाशी थर्मास उघडायचे, पुढारी एकेक पक्ष्याचं नाव पुकारणार, ज्याला दिसला त्याने हात वर करायचा. दोन हात झाले तर पक्षी वहीत. एकट्याचा पक्षी वहीत नाही. आणि नुसता ऐकलेला असेल, तर त्या दोन हातांपैकी एक पुढाऱ्याचा हवा. "हे कोणी ठरवलं?" म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या आईने." मग निमूट चहा प्यायला.

येत्या ऑक्टोबरात मंडळाला पन्नास वर्षं होतायत. आईने पहिली सहल नेली त्याच खाजणावर पन्नासाव्या वर्षाची सहल जायची, आणि ती मी न्यायची. सप्टेंबरच्या सभेत पुढारी निवडतात, पण माझ्यासमोर आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. एवढी एक सहल मला हवी आहे, क्लेम. त्यानंतर मी खुशाल घरी बसून तुझ्यासाठी मोजे विणेन.

तुझी
हेस्टर


ऑर्क्नी
३ डिसेंबर

प्रिय हेस्टर,

लाइनला काही झालेलं नाही असं आमचा पोस्टमन म्हणतो, पण तो काहीही म्हणतो. पत्रं बरी.

कोटाला सलाम. मोजे मात्र नकोत, मागच्या जोडीत माझे दोन्ही पाय एकाच मोज्यात मावले होते.

इथे आता नऊला उजाडतं आणि तीनला मावळतं. मधल्या वेळात मी बंदराच्या भिंतीवर जाऊन बसतो. जन्मभर फेरीबोट चालवली, आता दुसऱ्यांची बघतो. शेतांत राखी कलहंस आहेत, पाण्यात लांब मानेचे पाणबुडे. मोठाले पक्षी, मोठाले आवाज. माझ्या वयाला तेच ठीक.

पण ऑक्टोबरात तुमच्याकडे सोनतुरे किती उतरले ते लिहिलंच नाहीस. पूर्वेचा वारा होता, बातम्यांत सांगत होते. आई त्या आठवड्यात चुलीवरचं तसंच टाकून झुडपांकडे धावायची. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर पिवळी रेघ, अख्खा समुद्र ओलांडून येतो, आणि आवाज इतका बारीक की सुईत ओवावा. मंडळ नंतर निघालं, हजेरी आपल्या घरात आधीपासून होती. आठवतं? आई विचारायची, "ऐकला?" मी ऐकला नसला तरी हात वर करायचो, केकचा तुकडा मिळायचा म्हणून. तू मात्र ऐकल्याशिवाय कधी हात उचलला नाहीस. केक गेला तरी नाही. मला तेव्हा तू मूर्ख वाटायचीस.

तुझा
क्लेम


वेन्बरी
२८ जानेवारी २०१९

प्रिय क्लेम,

मूर्ख तू. तो केक जळका असायचा.

काल हॅच वूड कंट्री पार्कात गेलो होतो. तळं कडेकडेने गोठलेलं, चहावाली गारठलेली, आणि पोरं बदकांना पाव घालतायत. "पाव घालू नका" ही पाटी मीच मागे लागून लावून घेतली होती. तिच्यावर एक बदक बसलं होतं.

पलीकडच्या काठावर वाळक्या लव्हाळ्यात खंड्या बसलेला कोणाला दिसला? मला. क्विल्टरसाहेब त्यांच्या त्या भल्यामोठ्या दुर्बिणीतून पाहत होते आणि त्यांना नुसताच लव्हाळा दिसत होता. शेवटी मी त्यांची मान धरून वळवली. सत्तरीत हे डोळे आहेत माझे!

वाईट बातमी अशी की आपले सोनतुरे संपले. तू विचारलंस म्हणून मुद्दाम लक्ष ठेवलं. ऑक्टोबरात झुडपांत एक नाही, काल हॅच वूडच्या त्या म्हाताऱ्या सूचिपर्णी झाडांखाली तासभर थांबले, तिथे एक नाही. मागच्या मार्चात सगळं गोठलं होतं ना, त्या थंडीने खाल्ले बिचाऱ्यांना. मी मंडळाच्या पत्रकात लेखच लिहिलाय, "हॅच वूडचे सोनतुरे गेले". थोडा करुण झालाय, पण जमलाय. तिसऱ्या परिच्छेदात आई आहे.

क्विल्टर म्हणाला, "मला वाटतं मघाशी एक बोलला." मी म्हटलं, "वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, क्विल्टरसाहेब." थेल्मा लगेच बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिची नाडी हल्ली फार सुटते. वय झालं तिचं.

तुझी
हेस्टर


ऑर्क्नी
२० फेब्रुवारी

प्रिय हेस्टर,

लेख मिळाला. तिसरा परिच्छेद वाचून मी पण थेल्मा झालो.

दोन प्रश्न विचारतो, चिडू नकोस. तो कोट कुठल्या कापडाचा आहे? आणि तुमच्या त्या पाद्र्याला तू एकदा भर पावसात सहलीतून परत पाठवलं होतंस, त्याचा कोट चालताना वाजतो आणि पक्षी उडतात म्हणून, ते कोणत्या साली? उगीच आठवलं.

तिसरं म्हणजे, थेल्माशी जरा निवांत बोल. एकटी असताना. ती इतकी नाडी बांधते म्हणजे काहीतरी असेल.

इथे वादळ येऊन गेलं. छप्पर आहे. कोंबडीचं खुराडं नाही.

तुझा
क्लेम


वेन्बरी
१३ मे

प्रिय क्लेम,

कापड कसलं विचारतोस, शिंपी झालास का? मला मार्चपासून फुरसत नाही आणि तुझे हे प्रश्न! त्यापेक्षा काल काय झालं ते वाच.

मेमधली पहाटेची सहल, हॅच वूड. नाइटिंगेल झुडपात बसून असा काही गात होता की क्विल्टरसुद्धा दोन मिनिटं गप्प राहिला. कोकीळ मी पहिली ऐकली, बाकीचे अजून जांभया देत होते. सगळं छान चाललं होतं. मग मोटारींपाशी हजेरी. मी नावं पुकारतेय, हात वर होतायत, थेल्मा लिहितेय. एवढ्यात क्विल्टर म्हणाला, "सोनतुरा. ऐकला."

"कुठे?"

"इथेच. आत्ता. तुमच्या डोक्यावरच्या झाडात गातोय, हेस्टर."

आता मला सांग, पत्रकात मी लेख लिहिलेला, सगळ्यांनी वाचलेला, आणि हा माणूस भर हजेरीत असं बोलतो! तरी मी अन्याय केला नाही. वर मान करून चांगलं मिनिटभर ऐकलं. वारा. एक कबूतर. बाकी काही नाही. मी विचारलं, "आणखी कोणी ऐकला?" एक हात वर झाला नाही, क्लेम. एक नाही! थेल्मा नाडी बांधत होती. मी म्हटलं, "सोनतुरा हजेरीत नाही," आणि पुढचं नाव घेतलं.

आज सकाळी थेल्मा सांगत आली की क्विल्टरने सप्टेंबरसाठी नाव दिलंय. पुढारीपणासाठी! माझ्यासमोर! ज्याला खंड्या दिसत नाही, तो आईच्या खाजणावर पन्नासावी सहल नेणार? तू मंडळाला एक पत्र लिही. तुझं नाव जुन्या लोकांना ठाऊक आहे. लिही की हेस्टर लडकिनच्या हजेरीत आजवर खोटा पक्षी गेला नाही आणि खरा सुटला नाही. एवढंच पुरे.

तुझी
हेस्टर


ऑर्क्नी
२७ मे

प्रिय हेस्टर,

हे पत्र मी लिहून फाडलं, परत लिहिलं, परत फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

माझ्या टेबलाच्या खणात एक डबी आहे. डबीत कानाला लावायची दोन यंत्रं आहेत. चार वर्षं झाली. बोटीच्या इंजिनाने माझे वरचे सूर खाल्ले असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भोंगा ऐकू येतो, हंस ऐकू येतात, माणूस समोर असला की बोलणंही कळतं. बारीक आवाज गेले. सोनतुरा सगळ्यात आधी गेला. यंत्रं मी एकदाच लावली, मग खणात टाकली. बंदरावर हसतील म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण तू हसणार नाहीस, कीव करशील, आणि ते मला जास्त लागलं असतं.

फोनवर तुला वाटतं मी पुटपुटतो. मला वाटतं तू पुटपुटतेस. लाइन चांगली आहे, हेस्टर.

सोनतुरे कुठे गेलेले नाहीत. क्विल्टर खोटं बोलत नव्हता. आणि लोक मागे राहतात ते आदराने नसावं. तुझा कोट वाजत असणार, आणि तुला तो ऐकू येत नाही. पाद्र्याला परत पाठवणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? मी इतका लांब आहे म्हणून मला धीर झाला.

मंडळाला पत्र लिहिणार नाही. थेल्माला विचार. तिला म्हणावं, नाडी सोड आणि खरं सांग.

तुझा
क्लेम


वेन्बरी
२ जून

क्लेम,

तुझे गेले असतील. माझे ठणठणीत आहेत. नाइटिंगेल मी ऐकला. कोकीळ मी सगळ्यांच्या आधी ऐकली. माझा कोट वाजत नाही. चार वर्षं सख्ख्या बहिणीशी लपवाछपवी करणाऱ्याने मला खरंखोटं शिकवू नये.

उत्तर नको.

हेस्टर


ऑर्क्नी
१० जुलै

प्रिय हेस्टर,

उत्तर नको म्हणालीस. हे उत्तर नाही, कड्यांवरच्या पक्ष्यांची बातमी आहे. पिल्लं मोठी झाली, आता एकेक करून सगळे समुद्रावर निघालेत. कडा ओका होतोय.

तू दुखावलीस याची माफी मागतो. लिहिलं त्यातला एक शब्द मागे घेत नाही. लपवणारा मी आहेच, केकसाठी खोटा हात वर करणाराही मीच. तू नव्हतीस. म्हणून तुला लिहिलं.

क्लेम


वेन्बरी
६ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

चहा करून घे आणि बसून वाच. मोठं आहे.

तुझं मेमधलं पत्र मी पावाच्या डब्याखाली दडपून ठेवलं होतं. रोज पाव काढताना दिसायचं. रोज चिडायचे. जुलैत वाळूत अंडी घालणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या वसाहतीवर सहल नेली, सगळे वाळूत पार लांब मागे, आणि मी एकटी पुढे. पहिल्यांदाच मला तो आदर वाटेना, एकटं वाटलं. परतताना गाडीत मी आणि थेल्मा दोघीच होतो. मी विचारलं, "थेल्मा, माझा कोट वाजतो का गं?"

ती रडायला लागली. हंस नव्हते, काही नव्हतं.

"वाजतो की नाही?"

"हेस्टर, तू चालत आलीस ना, की कोणीतरी वेफर्सचं मोठ्ठं पुडकं चुरगाळत येतंय असं वाटतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? तुला कोण बोलणार?"

हे मला फार लागलं, क्लेम. कोटापेक्षा जास्त लागलं. घरी येऊन मी तुझं पत्र बाहेर काढलं आणि परत वाचलं. मग कानाच्या दवाखान्यात नाव घातलं. तिथल्या पोरीने मला पेटीसारख्या बंद खोलीत बसवून कानात एकेक सूर सोडले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी बटणावर बोट ठेवून बसले होते. बराच वेळ काहीच येईना, म्हणून मी विचारलं, "सुरू कधी करताय?" ती म्हणाली, "अहो, झालं सुद्धा."

यंत्रं लावून बाहेर आले आणि पहिला आवाज ऐकला तो माझ्याच कोटाचा. अरे देवा! मी तिथेच रस्त्यात काढला आणि घडी करून पिशवीत कोंबला, तर तो पिशवीतही वाजत होता. घरी येऊन पाद्र्याला माफीची चिठ्ठी लिहिली. बिचारा विसरून गेला होता, आता त्याला परत आठवलं.

मग सभा. क्विल्टरचं नाव एका बाजूला, माझं एका बाजूला, लोक खाली माना घालून बिस्किटं मोजतायत. मतं घ्यायच्या आधी मी उभी राहिले. टोपी काढली. यंत्रं सगळ्यांना दिसली. मी म्हटलं, "आधी मेमधली हजेरी परत घ्यायची आहे. सोनतुरा. हॅच वूड. त्या दिवशी कोणी ऐकला होता?"

क्विल्टरचा हात वर गेला. मग थेल्माचा. आणि मग एकेक करत सगळ्यांचे. सगळ्यांचे, क्लेम! मागच्या रांगेतल्या त्या दोघी जुळ्या बहिणींचे सुद्धा, त्या तर नेहमी पेंगतच असतात.

मला असा संताप आला की टेबल उचलून फेकावं. दया? माझ्यावर? आईच्या हजेरीत हे सगळे गप्प बसले, माझं मन राखायला एक जिवंत पक्षी गिळून बसले! बोलायला तोंड उघडलं आणि तेव्हाच मला कळलं की राग कोणावर करायचा. खोटा हात वर जाऊ नये म्हणून आईने हजेरी घातली. माझ्या धाकाने खरे हात खाली राहायला लागले होते. दोन्ही सारखंच.

मी म्हटलं, "थेल्मा, सोनतुरा लिही. मेच्या तारखेने. पुढाऱ्याच्या हाताची अट तेवढ्या दिवसापुरती बाद. आणि पत्रकात छापा की हॅच वूडचे सोनतुरे जागच्या जागी आहेत, लेख लिहिणारीचे कान तेवढे गेले होते. ज्या पुढाऱ्यासमोर लोक खरं बोलत नाहीत त्याने पुढारी राहू नये. माझं नाव काढा. मी लेनर्ड क्विल्टर यांचं नाव सुचवते."

लक्षात ठेव, मला कोणी उतरवलं नाही. मी उतरले. मान ताठ ठेवून. खुर्चीत बसल्यावर बशीतली तीन बिस्किटं एकदम खाल्ली.

क्विल्टर माझ्याकडे आला. म्हणाला, "पन्नासावी सहल तरी तुम्ही न्या." मी म्हटलं, "उपकार नकोत." दुसरा कोणी असता तर आग्रह करत बसला असता. तो दात उपटणारा माणूस, त्याने लगेच सोडलं. "बरं. मग माझ्या शेजारून चाला. मला खंड्या दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे." तेव्हापासून मला तो आवडायला लागलाय. कोणाला सांगू नकोस.

पन्नासावी सहल काल झाली. पूर्वेचा वारा, खाजणावर धुकं, भरती चढतेय, आणि कुंपणाशी ती आईची काटेरी झुडपं. मी जुना सुती कोट घातला होता, कोपरावर ठिगळ लावलेला. क्विल्टर पुढारी, मी त्याच्या शेजारी, बाकी सगळे मागे. चालता चालता कोणीतरी माझ्या टाचेवर पाय दिला. मग आणखी एकाने दिला. "सॉरी हेस्टर, सॉरी!" मला इतकं बरं वाटलं, क्लेम, की मी मुद्दाम हळू चालले.

संध्याकाळी थर्मास उघडले. थेल्माने आईच्या रीतीचा केक आणला होता, जळका. क्विल्टर नावं पुकारत गेला. उचाट्या, टिटवी, काळे कलहंस, यंदाचे पहिले. मग तो थांबला आणि म्हणाला, "सोनतुरा. दिसला नाही कोणाला. ऐकला का?"

एकही हात वर होईना. पण या वेळी कोणी नाडी बांधत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगते तुला, मला फार मोह झाला. दुपारी मला एकदा वाटलं होतं की काहीतरी बारीक वाजलं. पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. मी हात मांडीवरच ठेवला आणि ऐकत बसले. क्विल्टरनेही पुढचं नाव घेतलं नाही. चहा गार झाला, कोणी हललं नाही.

आणि आला. झुडपाच्या आतून, अगदी बारीक, तीनदा. पूर्वीसारखा नाही रे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आता. पण तोच. माझा हात पहिला वर गेला, आणि मागोमाग सगळ्यांचे. क्विल्टरने सगळ्यात शेवटी आपला वर केला आणि म्हणाला, "पुढाऱ्याचाही झाला. लिहा."

मला माझा अभिमान वाटतो, क्लेम. आई असती तर म्हणाली असती, स्वतःची स्तुती करू नये. पण आई नाही, म्हणून मी लिहिते. आणि त्या चिखलात माझ्यासाठी थांबलेल्या माणसांचा त्याहून जास्त वाटतो. सव्वीस वर्षं मी त्यांना घडवलं असं सांगत फिरायचे. खरंच घडवलंय की!

तुझं ऐकायला मला चार महिने लागले. कानांना दोष देऊ का?

आता तो खण उघड. थोरल्या बहिणीचा हुकूम आहे.

तुझी
हेस्टर


ऑर्क्नी
१४ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

उघडला. यंत्रांतले सेल मरून पडले होते, दुकानातून नवे आणले. दुकानदार हसला नाही. त्याने स्वतःचे केस मागे सारून दाखवले, त्याच्याही दोन्ही कानांत आहेत. चार वर्षं मी त्याच्याकडून पाव घेतोय आणि आम्ही एकमेकांना "काय? काय?" करतोय.

लावल्यावर पहिला आवाज माझ्याच नाकाचा आला. मी इतक्या जोरात श्वास घेतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काल वारा पूर्वेचा होता. बंदराच्या भिंतीवर बसलो होतो. इथे झाड नाही, झुडूप नाही, तुला ठाऊकच आहे. जाळ्यांचा ढीग होता. त्या ढिगातून एक सोनतुरा बाहेर आला आणि माझ्या बुटापाशी किडे टिपायला लागला. दमलेला होता, माझी पर्वाच नव्हती त्याला. आणि तो बोलला, हेस्टर. मी ऐकला. केकसाठी नाही, खरंच ऐकला.

मी हात वर केला. भिंतीवर एकटाच, हात वर करून. एका कोळ्याने बोटीवरून विचारलं, "काय पाहिजे, क्लेम?" मी म्हटलं, "काही नाही रे, हजेरी देतोय."

तुझं पत्र मी दुकानदाराला वाचून दाखवलं. माझी बहीण आहे म्हणून सांगितलं, दोनदा. थेल्माला म्हणावं, वहीत लिही: ऑर्क्नी, सोनतुरा, एक.

तुझा
क्लेम


आगगाडीत, इन्व्हरनेसच्या पुढे
१८ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

पत्र पोचलं. ऊर भरून आला. थेल्माला वाचून दाखवलं, तिचं काय झालं ते तुला सांगायला नको.

पण वहीत लिहू दिलं नाही. नियम म्हणजे नियम. एकट्याचा पक्षी वहीत जात नाही, आणि लहानपणी तू जे हात वर केलेस ते बघता तुझा तर मुळीच जाणार नाही. दुसरा साक्षीदार लागेल.

वारा सोमवारपर्यंत पूर्वेचाच राहणार म्हणतात. हे पत्र टपालात टाकत नाही, बोटीतून उतरले की तुझ्या हातातच देईन. जुना कोट घातलाय. पक्ष्याला थांबवून ठेव.

हेस्टर